फोटोपुरतं केळं

आमदारांचा वाढदिवस. म्हणून डायलिसिसच्या वॉर्डात केळी वाटली.

हो, डायलिसिसच्याच. किडनी गेलेल्या माणसाला केळं म्हणजे विष, हे तिथला प्रत्येक पेशंट आल्या आल्या शिकतो. शहाळंही नाही. पाणीसुद्धा बेताबेतानं. आणि हे आले टोपली भरून केळी घेऊन, मागे शहाळ्यांचा टेम्पो.

आम्हा नातेवाइकांना बाहेर काढलं. फोटोत गर्दी नको. मी अर्धवट लोटलेल्या दारातून बघत होते. आईच्या एका हातात सुया, रक्त मशीनमधून फिरतंय. दुसऱ्या हातात कार्यकर्त्यानं केळं कोंबलं.

"साहेब, मला केळं चालत नाय," आई म्हणाली.

"मावशी, खायचं नाय. धरायचं फक्त. फोटोपुरतं."

आईनं धरलं.

"हसा की जरा! फुकटात मशीन मिळतंय ना?" कार्यकर्ता म्हणाला.

आमदार हसले. आईही हसली. अंबडच्या कारखान्यात उभ्यानं पॅकिंग करून जिनं मला बी.कॉम. केलं, आमच्या घरातली पहिली पदवी जिच्या पायांवर उभी आहे, ती बाई केळं धरून हसली. फोटो चौकात फ्लेक्सवर लागला. साहेब 'आरोग्यदूत' झाले.

फुकट? माझी आई साबणाची वडी घेते तेव्हाही कर भरते. साहेबांच्या खिशातून एक सुई आली नव्हती. केळीसुद्धा कुणा व्यापाऱ्याकडून उचललेली असणार.

पुढच्या अधिवेशनात डायलिसिसच्या सरकारी योजनेच्या पैशाला कात्री लागली. आरोग्यदूतांनी बाक वाजवला. थोड्याच दिवसांत त्या खासगी दवाखान्यानं सांगितलं, सरकारकडून पैसे येत नाहीत, योजनेतले पेशंट बंद. आईची डायलिसिसची पाळी हुकली. पाय सुजले. आडवं पडलं की धाप लागायची, म्हणून भिंतीला टेकून बसायची.

मी आमदारांच्या कार्यालयात गेले.

"बजेट मोठा विषय आहे, बेटा. तुला नाही कळायचा."

"बी.कॉम. आहे मी, साहेब. वजाबाकी येते."

त्यांनी पेन काढलं. "तुझ्या आईचं मी बघतो. चिठ्ठी घेऊन जा. आणि जाताना कॅमेऱ्यावर दोन शब्द बोल, साहेबांनी मदत केली म्हणून."

परत तेच केळं. आता माझ्या हातात.

"बाकीच्या पेशंटांचं काय?"

"तू तुझ्यापुरतं बघ ना."

"चिठ्ठी नको. सभागृहात बोला."

"माज बघा पोरीचा," मागून कुणीतरी म्हणालं.

आहे माज. आईनं कमावून दिलाय.

घरी येऊन आईला सांगितलं. "बरं केलं," म्हणाली. मग धाप आवरून, "पण मला मशीन लागंल गं."

लागणारच. सरकारी दवाखान्यात नंबर लावलाय. तिथं पाळी येते तेव्हा येते. तिच्यासारखे कितीतरी त्याच रांगेत टेकून बसलेत.

तेव्हा ऐका, बाक वाजवणाऱ्यांनो. तुमची दया नको, चिठ्ठी नको. योजनेतून कापलेला पैसा परत ठेवा. ते उपकार नाहीत, आमचंच आहे.

अधिवेशन येतंय. त्यानंतर साहेबांचा वाढदिवसही येईल. त्या दिवशी आम्ही सगळे नातेवाईक वॉर्डाच्या दारात उभे असू. या वेळी बाजूला होणार नाही. सभागृहात काय बोललात, ते आधी तिथंच सांगायचं. तोंड उघडलं नसेल, तर केळी उचलायची आणि दारातूनच मागं फिरायचं.