मयत उचलेपर्यंत

अजिंठ्याच्या डोंगरातून तीन दिवस चालत जायची एक वाट आहे. तिच्यावरच्या तीन गावांनी कामं वाटून घेतली होती. वरच्या गावानं मुक्कामाची सोय करायची, मधल्यानं वाटाडे द्यायचे आणि धावड्याकडच्या आमच्या वाडीनं दुपारचं जेवण. आमचा दहा बायकांचा बचत गट. मी बारावी शिकलेली म्हणून फोन माझ्याकडे, आणि बोलणी खायचा मानही माझाच. शहरातली माणसं हौसेनं डोंगर चढायला येतात याचं सासूबाईंना फार हसू यायचं. त्यांचा सगळा जन्म मेंढरांमागं तोच डोंगर चढण्यात गेला होता.

पण त्या वर्षी पहिल्यांदाच आमच्यातली एकही बाई ऊसतोडीला गेली नाही. लेकरांची शाळा सुटली नाही. एवढ्यासाठी आम्ही जीव तोडून राबायचो.

त्या रविवारी चाळीस जण यायचे होते. त्यांना घेऊन येणाऱ्या सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, या खेपेला सगळं नीट झालं तर दर रविवारी तुमच्याकडेच. देवळामागं चार चुली पेटल्या. निम्म्या भाकऱ्या झाल्या, येसराच्या आमटीला उकळी आली, तेवढ्यात शेजारच्या घरातून रडण्याचा आवाज आला. महिनाभर अंथरुणाला खिळलेले आमचे चुलतसासरे गेले.

आमच्या वाडीत मयत उचलेपर्यंत कुणाचीच चूल पेटत नाही. थोरल्या जाऊबाईंनी कुणाला न विचारता चारही चुलींत पाणी ओतलं.

"अक्का, झाल्यात तेवढ्या भाकरी तरी वाढू," मी म्हणाले. "बाकीच्या मी गॅसवर करते."

"जाळ तो जाळच. अन् मढं घरात पडलंय, दारात पंगत बसवती का? बिलकुल न्हाई."

त्यांचं चुकत नव्हतं, तेच तर अवघड होतं. मयताचा एकुलता एक मुलगा लांब अंकुशनगरच्या साखर कारखान्याला उसाच्या ट्रॅक्टरवर होता. तो आल्याशिवाय मयत हलणार नव्हती. सरांना कळवावं तर डोंगरात रेंज नाही. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मी फोन हातात धरून वाटेकडं बघत बसले.

दुपारी चाळीस जण घामाघूम होऊन उतरले. आम्ही पाणी दिलं आणि काय झालं ते सांगितलं.

"ताई, निदान चहा?" सर हळूच म्हणाले. मी मानेनंच नाही म्हटलं.

माणसं भली होती. कुणी आवाज चढवला नाही. पिशव्यांतली बिस्किटं खाल्ली, दोघा-तिघांनी त्या घराकडं बघून हात जोडले. "असू द्या ताई, तुमचा नाइलाज आहे," म्हणत सर सगळ्यांना घेऊन खाली रस्त्याकडं गेले. चिडले असते तर मला भांडता तरी आलं असतं. दिवस मावळायच्या आत मुलगा आला, मयत उचलली. भाकऱ्या आम्ही गुरांना घातल्या.

पुढच्या रविवारी कुणी आलं नाही. मीच फोन केला. सरांनी खालच्या ढाब्याशी ठरवून टाकलं होतं. तिथं जेवणाची खात्री असते म्हणाले. मी बरं म्हणाले, दुसरं काय म्हणणार?

पुढच्या दसऱ्यानंतर आमच्यातल्या चौघी कोयते घेऊन, लेकरांसकट मुकादमाच्या ट्रकमध्ये बसल्या. मी निरोप द्यायला उभी होते. चुलतसासूबाई काठी टेकत बाहेर आल्या आणि ट्रक वळणाआड जाईपर्यंत बघत राहिल्या.

"अजून दोन घंटे जीव धरला असता मालकांनी, तर काय बिघडलं असतं गं माय?"

'आत्याबाई, असं नका बोलू,' एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. पण त्या दिवशी रडण्याचा आवाज आला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं होतं. मी त्यांच्याकडं बघू शकले नाही.