वाटीभर पेज

बाळंतपणात बाई दगावली की तिच्या घरी जाऊन फॉर्म भरायचा, हे काम २०१०च्या आसपास माझ्या गळ्यात पडलं. मी प्रसूती वॉर्डातली सिस्टर. कळा कधी सुरू झाल्या, गाडी किती वाजता आली, दवाखान्यात पोचल्यावर काय झालं, असे पानंच्या पानं प्रश्न. मग केसपेपर शेजारी ठेवून चूक कुठे झाली ते शोधायचं. घरच्यांना मात्र त्यातलं अवाक्षर सांगायचं नाही, ही साहेबांची सक्त ताकीद. "विचारा, लिहा, उठा," म्हणायचे. मला ते बरंच होतं. समोर कोणी रडलं की मला काही सुचत नाही, मग मी उगाच चिडते.

त्या दिवशी मात्र जीपमध्ये बसल्यापासून मी केसपेपर सारखा उघडत-मिटत होते. सौंदडच्या पुढचं गाव. केसपेपरवर त्या गावाचं नाव वाचलं आणि सतरा दिवसांपूर्वीची सकाळ आठवली. कळांनी तळमळणारी पोरगी स्ट्रेचरवर, डॉक्टर ऑपरेशनची तयारी करून राहिले होते, आणि तिची सासू सांगत होती की निघताना वाटीभर पेज दिली. ऑपरेशनआधी पोट रिकामं लागतं. मी दारातच तिच्यावर ओरडले, "काऊन चारलं तिला? मारायचं आहे का सुनेला?" माझं तोंड मुळातच फाटकं. पोरीचा नवरा मागेच गाडीवाल्याजवळ उभा होता. माझ्या तोंडावर तेव्हा मास्क होता, ते मला ओळखणार नाहीत, हाच काय तो आधार.

ऑपरेशन लागलंच नाही. बाळंतपण सरळ झालं, मुलगी झाली. नंतर रक्त थांबेना. गोंदियाहून रक्ताची बाटली येईपर्यंत फार उशीर झाला आणि दुपारी ती गेली. पेजेचा काडीचा संबंध नव्हता. केसपेपरमध्ये सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं.

"मॅडम, तबियत ठीक है ना?" ड्रायव्हरनं विचारलं.

"तू समोर बघ," मी खेकसले.

घराच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांधी, अंगण नुकतंच सारवलेलं. नवऱ्यानं बसायला खाट टाकली. सासू दाराशी खाली बसली, चांगली धिप्पाड बाई, पण अंग चोरून. मी मुद्दाम हळू आवाजात बोलत होते. तो आवाज माझा मलाच ओळखू येत नव्हता. तिनं एकदा मान वर करून पाहिलं नि मी आवाज आणखी खाली आणला.

अंगणाच्या कोपऱ्यात तीन दगडांची चूल होती, वर अल्युमिनियमचं भगुणं. आत घरातही चूल पेटलेली दिसत होती. पाहुणे आले असतील म्हणून मी विचारलं.

"ते माही," नवरा म्हणाला. "आतलं मी नाई खात. हिच्या हातचं."

"आणि बाळ?"

"शेजारच्या वहिनीपाशी हाय. सोमवारी साळी येऊन रायली, बायकोची बयीन, तिले देऊन टाकतो. या घरात नाई ठेवत."

मी फॉर्मवर मान घातली. दवाखान्यात आणण्याआधी घरी काय दिलं, हा प्रश्न आला.

"पेज देल्ली," ती म्हणाली. "वाटीभर. उपाशी कशी पाठवू, बाई? रातभर कळा सोसल्या होत्या तिनं."

"पाहा!" नवरा ताडकन उठला. "सिस्टर तोंडावर बोलली हिले, मारायचं हाय का म्हणून! म्या ह्या कानानं आयकलं!"

माझं पेन थांबलं. विचारा, लिहा, उठा. साहेबांना कळलं तर मेमो ठरलेला. पण सोमवार चार दिवसांवर होता, आणि ते लेकरू जाणार होतं माझ्या एका वाक्यापायी. मी पेनाला टोपण लावलं.

"पेजेनं नाही गेली ती," मी म्हटलं. "रक्तस्रावानं गेली. रक्त वेळेवर आलं नाही. ती चूक आमच्याकडची. तुमच्या आईची काहीच चूक नाही."

"मंग ते सिस्टर काऊन बोलली तसं?"

"ती... घाईत काहीतरी बोलून गेली. चुकलं तिचं."

ती. अगं बाई, 'ती' म्हणाले मी!

"अन् सतरा दिवस आमाले कोणीच नाई सांगितलं?"

तो तरातरा बाहेर गेला. मला वाटलं, माणसं गोळा करून आणतो आता. आला तो लेकराला घेऊन. आईसमोर उभा राहिला. तिनं हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले, पण पुढे करेना.

"धर ना, माय," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. तिनं लेकरू घेतलं. तो भगुणं उचलून आत घेऊन गेला.

मी घाईघाईनं कागद गोळा केले. मी चपला घालत असताना सासू जवळ आली, लेकरू छातीशी धरून.

"तुमचा आवाज वळखला म्या," ती हळूच म्हणाली. "बसल्या तवाच."

मी चपलेचा बंद उगाच ओढत राहिले.

"पोट्ट्याले नोका सांगू, बाई. लय तापट हाय थो."

आणि मी, खरं सांगते, नाही सांगितलं.