गासच्या बांधावरचं धुकं

रस्ता विचारणं मला कायम कमीपणाचं वाटायचं. माणसांना विचारला नाही, देवाला तर नाहीच नाही. मी हवाई दलात बाँबर विमानाचा नॅव्हिगेटर होतो. एकाहत्तरच्या युद्धात, पायलटच्या मागे बाहेरचं काही न दिसणाऱ्या जागी बसून, घड्याळ, वेग आणि वारा यांवरून गणित मांडायचं आणि त्याला दिशा सांगायची, हे माझं काम. माझा पायलट पंजाबी. खालून तोफा सुटत असतानाही त्याचं एकच म्हणणं असे, "तू बता, मैं मोड़ता हूँ." आम्ही दरवेळी सुखरूप परतलो. माझी बायको म्हणायची, मी देवीपुढे दिवा लावत होते म्हणून. मी चिडवायचो, तुझ्या देवीला वाऱ्याचा वेग कुठे ठाऊक होता?

निवृत्तीनंतर आम्ही नालासोपाऱ्याजवळच्या गास गावात छोटं घर बांधलं. नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात, सकाळीच हिच्या छातीत कळ आली. अंगाला दरदरून घाम. फोन बंद, रिक्षा मिळेना, बाहेर दाट धुकं. हिला स्कूटरवर बसवून शालीने माझ्या कमरेशी बांधलं आणि नालासोपाऱ्याच्या दवाखान्यात लवकर पोचावं म्हणून शेतांमधली बांधावरची वाट धरली. "कुणाला तरी विचारा हो," ही पुटपुटली. विचारतोय कसला! मी घड्याळ बघितलं, स्कूटरचा वेग धरला, इतक्या मिनिटांनी डावीकडे, असं ठरवलं. वळलो आणि पुढचं चाक चिखलात रुतलं. हिचं डोकं माझ्या पाठीवर टेकलं होतं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी वाट चुकलो होतो, तेही हिला घेऊन. मला रडू फुटलं. "आई, आता तूच बघ," एवढंच तोंडून निघालं.

तेवढ्यात धुक्यातून एका बाईचा आवाज आला. "कोन हाय? फुडं जाव नको, बांध फुटलाय, पानी भरलंय. माझ्या आवाजामागं ये." ती दिसत नव्हती. "आता उजवीकडं. आता सरळ चल." मी शाल सोडून खाली उतरलो, चाक ओढून काढलं. एका हाताने हिला सावरत स्कूटर ढकलत होतो आणि ती सांगेल तसा निमूट वळत होतो. पायाखाली डांबर लागलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आज पायलटच्या जागी मी होतो.

ही वाचली. पुढे महिन्याभराने बाजारात वालाच्या शेंगा विकणाऱ्या बाईचा आवाज कानावर पडला आणि मी जागीच थांबलो. हात जोडले, तर ती हसत सुटली. "मला तरी कुठं काय दिसत होतं, बाबा? बांध फुटला म्हनून परत फिरले, तर तुझी गाडी ऐकली." घरी येऊन हिला सांगितलं. हिला त्याचं जराही नवल वाटलं नाही.

मीही आता वाद घालत नाही. रोज सकाळी देवीपुढचा दिवा मीच लावतो. मागणं काही सुचत नाही. डोळे मिटतो आणि माझ्या पायलटचे शब्द तेवढे मराठीत म्हणतो, "तू सांग, मी वळतो."