काळ्या वाळूचं पुस्तक आणि माझा खोडरबर

दोन हजार एकवीसच्या सुरुवातीला आयर्लंडमधल्या मेनूथ गावात कोविडमुळे घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती, आणि माझं कॅनरी बेटांचं तिकीट दुसऱ्यांदा रद्द झालं होतं. मी इतकी वैतागले होते की कुंपणावरून शेजारच्या आजोबांनाच फैलावर घेतलं. ते आयुष्यभर शाळेत फ्रेंच शिकवून निवृत्त झालेले, बायको जाऊन वर्ष झालेलं. शांतपणे आत गेले आणि एक बारकं फ्रेंच पुस्तक घेऊन आले. "यात तुझं बेट आहे. बरं आहे म्हणे. वाचून सांग."

आता माझं फ्रेंच म्हणजे अकरावी-बारावीत मार्क मिळतात म्हणून घेतलेलं. पण नाही म्हणवेना. गोष्ट अशी: दोन बहिणी ज्वालामुखीच्या बेटावर सुट्टीला येतात, काळ्या वाळूत बसून शंभर पानं भांडतात आणि शेवटी त्यातली एकच घरी परतते. ज्वालामुखी शेवटपर्यंत ढिम्म. मी अडलेल्या शब्दांचे अर्थ पेन्सिलीने मराठीत लिहीत गेले. समासात आधीच कुणीतरी पेन्सिलीनेच इंग्रजीत बरंच खरडलं होतं: 'इथली कॉफी पाणचट', 'या वळणावर चुकलो, नकाशा ह्याच्या हातात'. खरं सांगते, मला कादंबरीपेक्षा तेच आवडायला लागलं. वाटलं, पुस्तक सेकंडहँड असणार.

आमच्या घरी पुस्तक पुढच्याला द्यायचं तर आधी सगळी पेन्सिल खोडायची, मग खाकी कव्हर घालायचं. परीक्षा संपली की आम्ही भावंडं हेच करत बसायचो. तर एका रविवारी मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, माझं आणि त्या कुणाचंही, लख्ख खोडलं. कव्हर घातलं, सोबत डबाभर चकल्या घेतल्या आणि शाबासकीची वाट बघत कुंपणाशी उभी राहिले.

आजोबांनी कव्हरचं कौतुक केलं. मग पानं उलटली. परत उलटली. "तिचं अक्षर होतं यात," ते म्हणाले. त्या बेटावरच्या त्यांच्या शेवटच्या सुट्टीत बायकोने वाचलेलं पुस्तक होतं ते. एकट्याने उघडायचा धीर होईना, म्हणून आधी मला दिलं होतं. तिची एक ओळही त्यांनी वाचली नव्हती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सॉरी, सॉरी म्हणत रडायलाच लागले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "तू वाचलंस ना?" त्यांनी विचारलं. खिशातलं पेन पुस्तकावर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकले. "मग आठवेल तेवढं लिही. पेनने."

तिथेच कुंपणावर पुस्तक टेकवून मी बोलत बोलत लिहायला लागले. कॉफी आठवली, वळण आठवलं. नकाशाचं ऐकून ते हसले, म्हणाले, साफ खोटं, नकाशा तिच्याच हातात होता. अशा अकरा ओळी आठवल्या, बाकीच्या गेल्या त्या गेल्याच. शेवटच्या पानावरची मात्र शब्दन् शब्द पाठ होती, आणि ती मोठ्याने म्हणवेना. गुपचूप लिहिली आणि पुस्तक पुढे सरकवलं: 'ह्याला वाचायला देऊ नये. रडेल.'

आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "हे अगदी बरोबर आठवलंस," ते म्हणाले.