पुष्कळांना असं वाटतं!

विज्ञान शिकवायला लागल्यापासून माझ्याकडे किस्सेच किस्से साठलेत. मुलांच्या डोक्यातला गैरसमज काढायला जावं, तर तो निघत नाहीच, वर किस्सा पदरात पडतो!

आमची शाळा मावळात, तळेगाव एमआयडीसीजवळ. नुसत्या पाठ्यपुस्तकाने गैरसमज जाईनात, म्हणून मी स्वतःच वाचनाचे कागद लिहिले. आधी चुकीची समजूत, मग ती का चूक, मग खरं काय. पहिल्याच कागदावर होतं, 'पुष्कळांना वाटतं, लोणावळ्याचं धुकं म्हणजे पर्यटकांच्या गाड्यांचा धूर. पण तसं नाही...'

चाचणीत विचारलं, धुकं म्हणजे काय? अर्ध्या वर्गाने लिहिलं, 'पर्यटकांच्या गाड्यांचा धूर.' मी कपाळावर हात मारला.

सातवीतली सानिका म्हणाली, "बाई, तुमीच लिवलंय की! पयल्याच वळीत!"

*

मग मी नियमच केला. चुकीची समजूत मी मोठ्याने वाचणार, की सगळ्यांनी ओरडायचं, "पुष्कळांना असं वाटतं!" आणि मगच पुढचं वाचायचं. पोरं काय, खूशच!

पण शेजारी मुख्याध्यापकांची खोली, मध्ये नुसतं प्लायवूड. सर तणतणत आले. "बाई, वर्ग आहे की एसटी स्टँड? झोपेतसुद्धा ऐकू येतं मला! पुढच्या महिन्यात तपासणी आहे. एक उत्तर चुकलं, की तुमचे कागद बंद. सरळ गाईड काढा!"

दिवाळीची अख्खी सुट्टी घातली होती हो त्या कागदांत!

*

एक दिवस सानिकाची आई दारात. "बाई, हिला आवरा. काल हिचे पप्पा कंपनीतनं आले आन म्हणले, ह्या घरात माझाच शब्द चालतो. तर ही वरडली, पुष्कळांना असं वाटतं!"

"मग?"

"मग काय, मलाच लय हसू आलं. त्यानं जास्तच भडकले!"

*

सहल लोणावळ्याला नेली. चिक्कीवाला छाती फुगवून म्हणाला, "ओरिजिनल चिक्की फक्त आपल्याकडे!"

अख्खा वर्ग एका सुरात ओरडला. त्याने चवीसाठी पुढे केलेला डबा परत आत ठेवून दिला.

*

तपासणीला साहेब आले. उभं केलं नेमकं सानिकाला! "सांग, उन्हाळा का येतो?"

"पृथ्वीचा अक्ष कललेला हाय म्हणून."

मला तर तिची दृष्टच काढावीशी वाटली.

साहेब हसले. "चूक! उन्हाळ्यात सूर्य आपल्या जवळ येतो."

पोरं माझ्याकडे बघतायत, मी फरशीकडे. साहेबांना चूक म्हणायचं कुणी? संपले आपले कागद!

तेवढ्यात साहेबांच्या मागून मुख्याध्यापकांचाच आवाज आला, खणखणीत. "पुष्कळांना असं वाटतं!"