मुंगीसुद्धा शिरणार नाही

सोमवारी सकाळी इस्त्रीवालीच्या घरातली जमीन उठली. पलंगापासून न्हाणीघराकडे जायच्या वाटेवर, ऐन मधोमध, नव्याकोऱ्या लाकडी फळ्या उंटाच्या पाठीसारख्या वर आल्या होत्या. पाय दिला की दबायच्या, काढला की पुन्हा फुगायच्या.

गुरुवारी अकराला इस्पितळातली तपासणीबाई चाकाची खुर्ची घेऊन येणार होती. खुर्ची पलंगापासून न्हाणीघरापर्यंत न अडखळता गेली, तर नवरा घरी येणार. नाही गेली, तर त्याची रवानगी शहराबाहेरच्या रुग्णगृहात. तिथून कुणी परत आल्याचं तिने आजवर ऐकलं नव्हतं.

नवरा तीस वर्षं रेल्वेच्या रुळांवर राबलेला. झटका आला, उजवं अंग गेलं, वाचाही गेली. बाई मात्र कुणाला दबणारी नव्हती. बावीस वर्षं गल्लीच्या तोंडाशी उभं राहून तिने जगाच्या सुरकुत्या मोडल्या होत्या. घरातल्या फुटक्या फरशीवर खुर्ची चालणार नाही म्हटल्यावर तिने आधी सिमेंट ओतून सपाटी करून घेतली. वर लाकूड घातलं ते नवऱ्याचा लुळा पाय गारठ्यावर पडू नये म्हणून. आणि मिस्तरीच्या डोक्यावर उभं राहून एकच गोष्ट शंभरदा बजावली, "भिंतीला चिकटून बसव. मुंगीसुद्धा शिरता कामा नये." गल्लीभर मिरवलंही तेच, आणि पंधरा दिवसांपूर्वी इस्पितळात नवऱ्यालाही तेच ऐकवलं.

तिने मिस्तरीला फोन लावला.

"जमीन फुगलीय."

"वहिनी, लाकूड जिवंत असतं. बसेल हळूहळू."

"गुरुवारच्या आत बसेल?"

"वर कपाट ठेवा ना."

कपाट ठेवलं. कपाटाखाली दबलं, दारापाशी वर आलं. दारापाशी कपड्यांचे गठ्ठे रचले, तर पलंगाशी फुगलं. मंगळवारी दिवसभर ती त्या फुगवट्याच्या मागे खोलीभर धावली. मिस्तरी फोन उचलेना. कॉलरला एक घडी राहिली तर गिऱ्हाईक शर्ट तोंडावर फेकतं, आणि इथे अख्खी जमीन चुरगळून ठेवणारा म्हणतो कपाट ठेवा! रडायला वेळ नव्हता, तरी ती गठ्ठ्यावर बसून रडली.

बुधवारी दुपारी इस्पितळात गेली, तर नवऱ्याने नेहमीचंच सुरू केलं. डाव्या हाताचा अंगठा आणि बोट जवळ आणून तिच्या नाकासमोर धरले.

"पुन्हा तेच! पंधरा दिवस सांगतेय, चिमूटभरसुद्धा तंबाखू मिळायची नाही."

त्याने उशी भिरकावली.

"फेका! तिकडे माझी जमीन फुगलीय, इकडे तुमचं तोंड."

'फुगलीय' ऐकताच तो थांबला. तिचे दोन्ही पंजे ओढून त्याने पलंगाच्या लोखंडी दांडीवर आडवे ठेवले, बोटांना बोटं भिडवून. मग एक पंजा रेटला. भिडलेली बोटं मध्येच छपरासारखी वर उठली. त्याने पंजे जरा दूर सारले आणि मधल्या जागेत स्वतःचं बोट ठेवलं.

ती बघतच राहिली. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानेच सांगितलं होतं, दोन रुळांमध्ये फट सोडतात, नाहीतर उन्हात रूळ वाकतो आणि गाडी घसरते.

"पंधरा दिवस हे सांगत होतात?"

ढ पोरीपुढे मास्तरांनी मिटावेत तसे त्याने डोळे मिटले.

घरी येऊन तिने भिंतीकडेची पट्टी उचकटली. फळ्या भिंतीत अशा रुतल्या होत्या की केस शिरला नसता. शेजारणीच्या फोनवरून लावला, तर मिस्तरीने पटकन उचलला.

"कडेला फट लागते, हे ठाऊक होतं तुला?"

"होतं की. पण तुम्हीच म्हणालात, मुंगीसुद्धा..."

"पेशंट म्हणाला विष दे, तर डॉक्टर देतो का रे?"

"वहिनी, तुमच्याशी वाद कोण घालणार?"

फोन ठेवला तरी ते वाक्य कानातून हलेना. हलगर्जीपणा त्याचा होता, पण हुकूम हिचा होता.

हॅकसॉची करवत घेऊन ती कडा कापायला बसली. अंधार पडेपर्यंत हातभर कापलं, तळव्याला फोड आले, पातं मोडलं. गुरुवारी सकाळी नऊला फुगवटा होता तिथेच, ढिम्म. तिने त्याच्याकडे पाहिलं, शेजारून पहार आणली आणि पहिल्या फळीखाली घातली.

अकराला तपासणीबाई दारात उभी राहिली. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत फळ्या उखडलेल्या, मधून खुर्ची वळेल एवढा उघड्या सिमेंटचा पट्टा, आणि घामाने निथळणारी घरधनीण.

"हे काय?"

"वाट."

"लाकूड घालणार होतात ना?"

"घातलं होतं. सपाट हवं की लाकडी हवं, तेवढं सांगा. आणखी काही उचकटायचं तर पहार हातातच आहे."

तपासणीबाई हसली नाही. स्वतःच खुर्चीत बसली.

"चला. न्या मला."

एका ढलपीवर चाक अडलं. इस्त्रीवालीने वाकून ढलपी उचलली आणि कमरेला खोचली. खुर्ची न्हाणीघरापर्यंत गेली, वळली, परत आली. कागदावर लिहिणारं पेन मात्र कितीतरी वेळ थांबेना.

"कडांना पट्टी मारून घ्या, कुसळं लागतील त्यांना," तपासणीबाई शेवटी म्हणाली. "रविवारी न्या घरी."

इस्त्रीवाली तशीच धुळीने माखलेल्या अंगानं इस्पितळात गेली. पलंगाशी उभी राहिली आणि अंगठा-बोट जवळ धरून विचारलं, "पुन्हा बसवताना एवढी सोडू ना?"

त्याने नीट निरखून पाहिलं. मग डाव्या हाताने तिची बोटं आणखी थोडी लांब केली.