जितके नेम, तितकी वाक्यं

मार्चच्या शेवटी आमच्या गावात बातमी पसरली की हिल्काने सायमीचा फोटो सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, चुलीत घातला. बातमी आणली ओइवाने. तो हिल्काकडे बादली मागायला गेला होता आणि बादली विसरून बातमी घेऊन आला. दुकानात दुधाच्या कपाटाशी उभा राहून त्याने ती सांगितली, नेहमीसारखीच, नाकातून आणि हप्त्याहप्त्याने: "मी काही म्हणत नाही. पण. चूल पेटलेली. हातात पेपर. पेपरात पोरगी. पुढचं तुम्ही समजा."

मी ही नक्कल हिल्कालाच करून दाखवली. ती म्हणाली, "नाक अजून वर."

खरी गोष्ट अशी की हिल्का कायम रोजच्या पेपरानेच चूल पेटवते. त्या दिवशी पहिल्या पानावर सायमी होती आणि तिच्या डोक्यावर हा एवढा मथळा: 'पाचही स्वीडनला'. हिल्काने कात्रीने फोटो नीट कापून घेतला, फ्रीजवर लावला आणि मथळा जाळला. ओइवाने फक्त जाळ पाहिला.

तो मथळा कशाचा, ते फिनलंडात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. बायथलॉनमध्ये स्कीवर जीव जाईस्तोवर पळायचं आणि मग त्याच धापेत, कधी आडवं पडून तर कधी उभ्याने, रायफलीने पाच काळे ठिपके पाडायचे. हंगामातली शेवटची मोठी रिले. सायमी नेमबाजीला आली तेव्हा आपण तिसरे होतो. तिने पाच गोळ्या मारल्या, पाच ठिपके पडले. फक्त ते शेजारच्या लेनमधले होते, स्वीडनचे. जादाच्या तीन गोळ्यांनी तिने आपले तीन पाडले, दोन राहिले, दंडाच्या दोन फेऱ्या झाल्या आणि पदक गेलं. दुसऱ्या कुणाला दिलं असतं तर लोक विसरलेही असते. पण स्वीडनला.

सायमी आमच्याच गावची. घरी आली ती खोलीतच बसली. मे महिन्याच्या शिबिराला येणार की रायफल कायमची खाली ठेवणार, हे तिने सोमवारपर्यंत प्रशिक्षकाला कळवायचं होतं. आणि शनिवारी हिल्काची बैठक होती.

हिल्का म्हणजे आमच्या शाळेच्या बसची निवृत्त ड्रायव्हर. गावातल्या चाळिशीच्या आतल्या प्रत्येकाला तिने शाळेत पोचवलंय. तिची नक्कल सोपी आहे, तीन शब्दांत होते: "बसा. बेल्ट. गप्प." हंगाम संपला की ती स्की क्लबच्या घरात गावाला जमवते आणि राष्ट्रीय संघाचा हिशेब घेते. आधी सौना, मग कॉफी, मग निंदा. पण निंदेला तिचा नियम आहे. ज्याला खेळाडूबद्दल बोलायचंय त्याने आधी क्लबघराभोवती पळत एक फेरी मारायची, तशीच धाप घेऊन चटईवर आडवं पडायचं आणि मुलांच्या लेझर रायफलीने पाच नेम धरायचे. लागला की फळीवर हिरवा दिवा. जितके दिवे, तितकी वाक्यं. सोफ्यावर बसून दात कोरत फुकट शिव्या द्यायची सोय आमच्याकडे नाही. माझं काम नकलांचं. शर्यत लोकांना आठवावी म्हणून मी समालोचक होते, खेळाडू होते, गरज पडली तर वाराही होते.

शुक्रवारी आम्ही दोघी भात भरून राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या पाई करत होतो. मी कडांना चुण्या घालता घालता म्हटलं, "सायमी उद्या येणार नाही. आणि आलीच तरी तोंड उघडणार नाही."

"येईल," हिल्का म्हणाली. "रिलेचा विषय निघाला की माझ्याआधी बोलेल."

"तुझ्याआधी? तुझ्याआधी या गावात कोण बोललंय?"

"लाव पैज."

मी जिंकले तर तिची बसमधली टोपी घालून अख्ख्या गावासमोर तिची नक्कल करणार, आणि तिने पहिल्या रांगेत बसून बघायची. ती जिंकली तर जूनमध्ये तिच्या घरातले सगळे गालिचे मी तळ्याच्या धक्क्यावर धुवायचे, बोळातल्या त्या लांबलचक गालिच्यासकट. मी पिठाचा हात पुढे केला. इतकी सोपी पैज मी आजवर लावली नव्हती.

शनिवारी हिल्काने मला साक्षीदार म्हणून तिच्या गाडीत मागे बसवलं. सायमीच्या फाटकाशी गाडी थांबवली. ती उतरली नाही, हाक मारली नाही. दोनदा भोंगा वाजवला, तोकडा, शाळेच्या बसचा वाजवायची तसा. दार उघडलं. सायमी बाहेर आली, लोकरीचे मोजे, पायांत घरातल्या सपाता. फाटकापाशी पोचल्यावर तिला कळलं असावं की आता शाळा नाहीये. पण तोवर ती गाडीत बसली होती.

"बेल्ट," हिल्का म्हणाली.

अर्धी पैज तिथेच गेली.

क्लबघरात सायमीला बघून सगळ्यांना एकदम कॉफी ढवळायची होती. हिल्काने लगेच सुरुवात केली. हिशेबात पहिला नंबर यालमारीचा, संघातला आमचा धिप्पाड गडी, पळतो तुफान आणि उभ्याने नेम धरला की थरथरतो. ओइवा फेरी मारून आला, दोन दिवे लावले, चटईवरून उठत म्हणाला, "बरं का मंडळी."

"झालं एक," हिल्का म्हणाली.

"अगं, हे कुठं वाक्य—"

"दोन. बस खाली."

मग स्वतः चार दिवे लावून तिने यालमारीचा निकाल दिला. "बस वेळेवर आणतो. थांब्यावर थांबत नाही. ब्रेक बघून घ्या. गाडी विकू नका." तिचं चौथं वाक्य ऐकून यालमारीची मावशी डोळे पुसत हसली. अनुभवी कैसुच्या वेळी पुन्हा पळून, दोन दिवे लावून हिल्का म्हणाली, "हिवाळाभर मागच्या सीटवर बसून होती. उतरली की कळेल कोण होती."

आणि मग रिले. हिल्काने माझ्याकडे पाहिलं. ही नक्कल मी शाळेच्या जेवणघरात कितीदा केली होती, पोरं बाकांवरून पडली होती. इथे सायमी समोर, हातात कप.

"हिल्का, हे राहू दे," मी म्हटलं.

"राहू दिलं तर ती मेल्यासारखंच होईल. कर. सगळं."

मी केलं. समालोचकाचा चढा आवाज, "एक पडला, दोन, तीन, काय मुलगी आहे ही, चार, पाच," आणि मग ती शांतता, आणि मग त्याचा बारीक झालेला आवाज, "पण... हे कुणाचे?" कुणी हसलं नाही. सायमी कपात बघत होती.

हिल्का उठली. रबरी बूट चढवून बाहेर गेली. खिडकीतून तिची टोपी चिखलबर्फातून हळूहळू जाताना दिसत होती. आत आली तेव्हा भात्यासारखी फुसफुसत होती. दोन चटयांपैकी डावीवर आडवी झाली, चष्मा सारखा केला, पाचदा चाप ओढला. पाच दिवे लागले. उजव्या फळीवर.

डावी फळी काळीकुट्ट.

ओइवाने मान वाकडी करून दोन्हीकडे पाहिलं. "मी काही म्हणत नाही. पण. शून्य."

हिल्काने तोंड उघडलं आणि मिटलं. शून्य दिवे, शून्य वाक्यं. ती खुर्चीत जाऊन बसली, हात मांडीवर.  कॉफीचं यंत्र तेवढं गुरगुरत होतं.

मग कुणीतरी नाकातून फुस्स केलं. सायमी.

"हिल्का," ती म्हणाली, "तू झोपलीस इकडे आणि मारलंस तिकडे."

हिल्काने मान डोलावली.

"आणि मारताना छान वाटलं ना? दिवे तर लागतच होते. नेम चुकला असता तर कळलं असतं."

"ए सायमी," ओइवा म्हणाला, "नियम. आधी पळ."

ती सपाता घालूनच पळाली. परत आली तेव्हा मोजे चिंब. चटईवर पडली, पण चापाला हात लावायच्या आधी तिने समोरच्या फळीवरच्या लेनच्या आकड्याकडे बोट केलं आणि तो ओठांतल्या ओठांत वाचला. पाच दिवे. तिच्याच फळीवर.

ती उठून बसली. "मी आकडा वाचला नाही, कारण मी शेजारच्या पोरीचा श्वास ऐकत होते. पाचवा पडला तेव्हा वाटलं, आयुष्यात इतकं भारी काही केलेलं नाही. मग मान वर केली तर माझे पाचही तसेच." ती थांबली. "बाकी तिघींनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं."

"एक उरलं," ओइवा हळूच म्हणाला.

सायमीने ओल्या मोज्यांकडे पाहिलं. "शिबिराला हो म्हणून कळवते."

हिल्का काही बोलली नाही, बोलूच शकत नव्हती. तिने पाईंची ताटली सायमीपुढे सरकवली, उकडलेलं अंडं कुस्करलेल्या लोण्याची वाटीही, आणि ओइवाने त्यातली पाई उचलली तेव्हा त्याच्या हातावर फटका दिला.

जूनमध्ये मी धक्क्यावर गुडघ्यांवर बसून गालिचे घासत होते. पाणी हाडांत शिरणारं. बोळातला गालिचा भिजल्यावर एकटीने उलटणं म्हणजे ओल्या गाईला कुशीवर वळवणं. हिल्का काठावर घडीच्या खुर्चीत कॉफी पीत होती. फ्रीजवरच्या फोटोशेजारी आता शिबिराहून आलेलं पोस्टकार्ड लागलंय, ते तिने मला येताना दोनदा दाखवलं.

मी ओइवाचं नाक काढून म्हटलं, "मी काही म्हणत नाही. पण. डावीकडे झोपलेली बाई उजवीकडे पाचही मारते. चष्मा घालून. पुढचं तुम्ही समजा."

हिल्काने कप खाली ठेवला, गालिच्याकडे बोट केलं.

"कोपरा राहिलाय," ती म्हणाली.